पुल मारणाऱ्याच्या हातात ड्राइव्हची बॅट

या प्रकरणातला फलंदाज अठरा वर्षांचा. उजव्या हाताने खेळणारा सलामीवीर, उंची बेताची, १६५ सेंटिमीटरच्या आसपास. लहानपणापासून त्याच्या बहुतेक धावा मागच्या पायावर. चेंडू जरा आखूड पडला की वजन मागे गेलंच, आणि मग कट नाहीतर पुल. पुढच्या पायावर तो खेळतो, पण जोरकस ड्राइव्हपेक्षा चेंडू अंगाजवळ येऊ देऊन थर्डमॅनला सरकवणं किंवा पायांवरून फ्लिक करणं त्याला जास्त जमतं. पुढे जाऊन चेंडू गाठण्याचा त्याचा स्वभाव नाही, तो चेंडूची वाट बघतो. पुढचं सगळं प्रकरण या एका गोष्टीभोवती फिरतं.

मोसमाच्या सुरुवातीला कर्णधाराने त्याला सांगितलं, पहिल्या सहा षटकांत धावांचा वेग वाढव. त्याने त्याचा अर्थ ‘मोठी बॅट घे’ असा लावला. घेतलेली बॅट १२५० ग्रॅमच्या आसपास होती. कडा जेमतेम नियमात बसणाऱ्या, आणि पाठीवरचा फुगवटा टोच्या, म्हणजे पात्याच्या खालच्या टोकाच्या जवळ, खेळाडूंच्या भाषेत लो मिडल. दिसायला जबरदस्त. हातात घेऊन दोनचार ड्राइव्ह हवेत मारले की कुणालाही आवडावी अशी.

मग धावा आटल्या. पुल मारताना बॅट उशिरा यायची आणि चेंडू वर चढून स्क्वेअर लेगच्या मागे झेल जायचा. आत येणाऱ्या चेंडूवर पायचीत होणं वाढलं. कट नीट बसेना. आम्हाला चकवणारी गोष्ट अशी की नेटमध्ये त्याचे ड्राइव्ह पूर्वीपेक्षा चांगले लागत होते, आवाज सुरेख यायचा. त्यामुळे बॅटवर कुणाचाच संशय गेला नाही, त्याचा स्वतःचा तर नाहीच. डोकं ऑफ साइडला पडतंय, बॅकलिफ्ट गलीकडून येतोय, आखूड चेंडूची धास्ती बसलीय, अशी निदानं झाली. मोबाइलवर बाजूने चित्रीकरण करून पाहिलं तर पाय वेळेवर मागे जात होते, डोकंही स्थिर होतं. शरीर तयार असायचं आणि हात मागे राहायचे. भेदरलेल्या फलंदाजाचं याच्या उलट होतं, त्याचे पाय आधी अडकतात.

बॅटच्या फेसवरचे ठसे

लाल चेंडू आणि नवी विलो (बॅटचं लाकूड) असली की जवळजवळ प्रत्येक फटका फेसवर, म्हणजे पात्याच्या पुढच्या सपाट बाजूवर, खूण ठेवून जातो. फलंदाजाची बॅट मागून घ्यावी आणि उजेडात धरून फेस वाचावा. मी तरी कुठल्याही तक्रारीची सुरुवात तिथूनच करतो. धावफलकावर बाद होण्याची पद्धत दिसते, चेंडू बॅटला नेमका कुठे लागत होता ते फेसवरच कळतं.

या बॅटवर ठशांचे दोन वेगळे पुंजके होते. एक खाली, टोपासून साधारण १८ सेंटिमीटरवर, अगदी फुगवट्यासमोर. ते ड्राइव्ह आणि फ्लिक. दुसरा बराच वर, टोपासून जवळजवळ ३० सेंटिमीटरवर. तिथे पाठीमागचं लाकूड उतरत जाऊन पातळ झालेलं होतं. ते पुल, कट आणि मागच्या पायावरचा बचाव. मधला पट्टा जवळजवळ कोरा.

मिडल म्हणजे नुसतं जाड लाकूड नव्हे. चेंडू लागला की बॅट थरथरते. ज्या पट्ट्यात लागल्यावर ही थरथर सर्वात कमी होते, तिथे जोर वाया जात नाही आणि मनगटाला झटका बसत नाही. त्या पट्ट्याच्या वर चेंडू लागला की दोन तोटे होतात. थरथरीत जोर जातो, शिवाय हातांजवळचा भाग टोच्या मानाने हळू फिरत असल्यामुळे मुळातच वेग कमी मिळतो. याच्या धावांचे मुख्य फटके नेमके या तोट्याच्या जागी लागत होते.

इथे सोपं उत्तर समोर दिसतं. ठसे वर आहेत, तर मिडल वर असलेली बॅट घ्या. दुकानातला विक्रेताही हेच सांगेल, आणि सर्वसाधारण नियम म्हणून ते खोटं नाही. संथ आणि खाली राहणाऱ्या खेळपट्टीवर पुढच्या पायावर खेळणाऱ्याला लो मिडल, उसळत्या खेळपट्टीवर मागे राहून खेळणाऱ्याला हाय मिडल. पण हा नियम सरळ बॅटच्या फटक्यांना जितका लागू आहे तितका आडव्या बॅटच्या फटक्यांना नाही. मागच्या पायावर सरळ बॅटने बचाव करताना चेंडू जितका उसळेल तितका तो पात्यावर वर लागतो, हे उघड आहे. पुल आणि कटमध्ये मात्र पातं जमिनीला समांतर असतं. तिथे चेंडू पात्याच्या लांबीवर कुठे लागेल हे तो शरीरापासून किती लांब आहे त्यावर ठरतं. हात मोकळे सुटले तर तो टोच्या बाजूला लागतो, अंगाशी अडकला तर खांद्याकडे.

मग हा अंगाशी का अडकत होता? चेंडूची वाट बघणं हा त्याचा स्वभाव, की बॅट वेळेवर पुढे येत नव्हती म्हणून नाइलाजाने उशीर? कारण पहिलं असेल तर हाय मिडल बरोबर. दुसरं असेल तर हाय मिडल घेऊन आपण दोषालाच घर बांधून देणार.

“सचिनची बॅटपण जड होती ना, सर?”

हा प्रश्न त्याने विचारलाच. विचारायला हवा होता, कारण प्रश्न चांगला आहे.

सचिन तेंडुलकर तीन पौंडांहून जड, म्हणजे १३६० ग्रॅमच्या वरची बॅट वापरायचा. पण तो दांडा खाली, पात्याच्या अगदी जवळ धरायचा. हातोडी दांड्याच्या टोकाला धरून फिरवा आणि मग डोक्याजवळ धरून फिरवा, वजन तेच पण मनगटावरचा भार वेगळा. आमचा मुलगा दांडा वर धरतो. त्याच्या हातात १२५० ग्रॅम सचिनच्या हातातल्या बॅटपेक्षा अवघड होऊ शकतात. दुसऱ्या टोकाला डॉन ब्रॅडमन आजच्या मानाने फारच हलक्या बॅटने खेळले. त्यामुळे नावं घेऊन या वादात कुणीच जिंकत नाही.

“मग वजन बघायचंच नाही का?”

“बघ. पण ते कुठे आहे ते आधी बघ.”

काट्यावरचं वजन आणि पिकअप, म्हणजे उचलताना हाताला जाणवणारं वजन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खेळाडूंना ऐकून माहीत असतं, मोजून फारसं कुणी पाहत नाही. मोजणं सोपं आहे. बॅट पट्टीच्या कडेवर आडवी ठेवून तोलावी, तोलबिंदू दांड्याच्या टोकापासून किती लांब आहे ते घ्यावं आणि वजनाने गुणावं. समजा एक बॅट ११६० ग्रॅमची आणि तोलबिंदू ५४.५ सेंटिमीटरवर. दुसरी १२०० ग्रॅमची आणि तोलबिंदू ५२ सेंटिमीटरवर. पहिलीचा गुणाकार ६३,२२०, दुसरीचा ६२,४००. म्हणजे काट्यावर ४० ग्रॅम जड असलेली दुसरी बॅट हातात किंचित हलकी लागेल. फिरवताना तर अंतराचा वर्ग हिशेबात येतो, त्यामुळे बाकीची घडण सारखी असेल तर फरक आणखी वाढतो. लो मिडलच्या बॅटमध्ये लाकूड हातांपासून लांब गेलेलं असतं, म्हणून त्याच वजनाला तिचा पिकअप जड.

आता ताकदीचं. नियमाप्रमाणे चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा. ११६० ग्रॅमची बॅट त्याच्या सव्वासातपट, १२५० ग्रॅमची पावणेआठपट. चेंडूपेक्षा इतक्या जड असलेल्या वस्तूत आणखी थोडी भर घातली तर टकरीत मिळणारा फायदा अगदी थोडा असतो. बॅटचा वेग घटला तर होणारं नुकसान मात्र थेट असतं, आणि वेळ चुकली तर दोन्ही हिशेब संपले. जड बॅटचा खरा फायदा तिचा वेग कमी न होऊ देणाऱ्यालाच मिळतो.

कडांबद्दलही त्याचा आग्रह होता. १ ऑक्टोबर २०१७ पासून क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीच्या नियमांत कडेची जाडी जास्तीत जास्त ४० मिलिमीटर आणि बॅटची एकूण जाडी ६७ मिलिमीटर अशी मर्यादा आली. वजनाला मात्र आजही मर्यादा नाही. (रुंदीची १०८ मिलिमीटरची मर्यादा फार जुनी आहे. १७७१ मध्ये एक गृहस्थ यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन उतरले, त्यानंतर ती आली.) जाड कडेचा उपयोग आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. चेंडू मध्यरेषेच्या डाव्या-उजव्या बाजूला लागला की बॅट हातात वळते. कडांमध्ये लाकूड असेल तर ती कमी वळते आणि चुकलेला फटकाही लांब जातो. पण या मुलाचे ठसे मध्यरेषेवर छान होते. त्याची चूक आडवी नव्हती, उभी होती, वर-खाली. जाड कडा त्याच्या नसलेल्या आजारावरचं औषध होत्या आणि त्यापायी तो वजन वाहत होता.

जुन्या बॅटवरचे प्रयोग

नवी बॅट घेण्याआधी आहे ती सुधारते का हे पाहिलं. दांड्यावर दुसरी ग्रिप चढवली. ग्रिप ५० ग्रॅमच्या आसपास असते आणि ती हातांखालीच बसते, त्यामुळे एकूण वजन वाढूनही तोलबिंदू वर सरकतो आणि बॅट उचलायला सोपी वाटते. वाटली. पण दांडा जाड झाला. जाड दांड्यावर खालच्या हाताची मूठ घट्ट होते आणि मनगट मोकळं राहत नाही. ताकदीने मारणाऱ्या काहींना ते चालतं, त्याच्या मनगटी फ्लिकचं मात्र मातेरं झालं. दुसरी ग्रिप काढली.

टो थोडा तासून घेण्याचा विचार झाला. हातांपासून सर्वात लांबचं लाकूड तेच, त्यामुळे तिथले थोडे ग्रॅम काढले तरी पिकअपमध्ये बराच फरक पडतो. पण फुगवटा जागचा हलत नाही. उलट टो आखूड झाल्याने मिडल टोच्या आणखी जवळ येतं. दुखणं पिकअपचंही होतं आणि मिडलच्या जागेचंही. तासून अर्धंच गेलं असतं आणि बॅट परत विकण्याजोगी राहिली नसती. तो विचार सोडला.

चाचणी

संघातल्या मुलांकडून दोन बॅटी उसन्या घेतल्या. एक मिड मिडलची, ११६० ग्रॅमच्या आसपास. दुसरी हाय मिडलची, जवळपास तेवढ्याच वजनाची. तिसरी त्याची स्वतःची. तिन्हींवरचे स्टिकर आणि वजनाचे आकडे टेपने झाकले. अर्थात बॅटचा आकार लपत नाही, पण नावाचा आणि आकड्याचा परिणाम तरी जातो. फेसवर साधी कागदी चिकटपट्टी लावली आणि प्रत्येक खेपेनंतर बदलली, म्हणजे ठसे वेगवेगळे मिळाले. साइडआर्मने (चेंडू फेकायच्या लांब दांड्याने) चेंडू टाकले. टप्पा आधी न सांगता आखूड, पुढे आणि आत येणारे मिसळून.

एक काळजी मुद्दाम घेतली. तिन्ही बॅटी ताज्या हातांनी आणि पुन्हा सराव संपताना, दमलेल्या हातांनी खेळायला लावल्या. दुकानात दोन मिनिटं हवेत फिरवून घेतलेली बॅट फसवते ती याच कारणाने. ताजं मनगट ७०–८० ग्रॅमचा फरक सहज पचवतं. विसाव्या षटकातलं मनगट पचवत नाही, आणि तिथे खालचा हात वरच्या हाताचं काम हिसकावून घेतो. ते ओळखायची जुनी युक्ती आहे. फक्त वरच्या हाताने बॅट बॅकलिफ्टपर्यंत उचलून क्षणभर थांबवायची, मग सरळ खाली आणायची. पातं डुगडुगलं किंवा कोपर अंगाला चिकटला तर बॅट त्या हाताला जड. त्याची स्वतःची बॅट सरावाच्या सुरुवातीला या परीक्षेत काठावर पास झाली, शेवटी सपशेल नापास.

पट्ट्यांनी काय दाखवलं? मिड मिडलच्या बॅटवर वरचा पुंजका चार बोटं खाली सरकला. म्हणजे उशिराचा मोठा हिस्सा बॅटचाच होता. पण तो पूर्ण खाली आला नाही, मिडलच्या जरा वरच थांबला. तेवढा भाग त्याच्या स्वभावाचा. चित्रीकरणातही तेच दिसलं. चेंडूचा टप्पा पडताना जुनी बॅट अजून वर चढत होती, ही खाली यायला निघालेली होती.

हाय मिडलच्या बॅटने पुल तर अप्रतिम लागले. मुलगा खूश झाला, मलाही क्षणभर वाटलं हीच घ्यावी. अडचण पुढे पडलेल्या चेंडूंवर आली. ते टोच्या पातळ भागावर लागत होते, हाताला झिणझिण्या येत होत्या आणि बचावातला चेंडू मेल्यासारखा पडत होता. मधल्या फळीत असता तर मी हाय मिडलकडे झुकलो असतो. पण हा सलामीवीर आहे. नवा चेंडू स्विंग व्हावा म्हणून गोलंदाज तो पुढेच टाकतात, आणि पहिली काही षटकं टिकल्यावरच त्याला पुल मारायला आखूड चेंडू मिळणार. ज्या फटक्यांनी धावा होतात तेवढ्यांवरच बॅट निवडली तर ज्या चेंडूंवर जीव वाचवायचा ते राहून जातात. फलंदाजीची शैली म्हणताना आपण सहसा फक्त आवडते फटके मोजतो. क्रमांक आणि त्या क्रमांकाला मिळणारे चेंडू हे शैलीइतकेच महत्त्वाचे आहेत, माझ्या मते थोडे जास्तच.

मॅथ्यू हेडनचं उदाहरण इथे आठवतं. २०१० च्या आयपीएलमध्ये चेन्नईकडून खेळताना त्याने मुंगूस नावाची बॅट आणली होती, पातं आखूड आणि दांडा लांब. दिल्लीविरुद्ध ९३ धावांची घणाघाती खेळी केली. पण आखूड पात्याने बचाव करणं अवघड, आणि मैदानावर ती बॅट रुळली नाही.

निवड आणि तिची किंमत

शेवटी मिड मिडल, ११६५ ग्रॅम, कडा ३६–३७ मिलिमीटर, शॉर्ट हँडल. दांडा खालच्या हाताशी अंडाकृती घेतला. गोल दांडा मुठीत फिरतो, अंडाकृतीवर फेस कुठे बघतोय हे बोटांना कळतं, आणि उशिरा खेळणाऱ्याला ते लागतं. तोलबिंदूचा गुणाकार जुन्या बॅटपेक्षा स्पष्ट कमी आला. हाताशी आलेल्या बॅटींमध्ये याहून हलकी आणि तरी जाड कडांची एक होती. ती मी नाकारली. एवढ्या लाकडाला एवढं कमी वजन म्हणजे विलो जास्त वाळवलेली असण्याची शक्यता. तशी बॅट पहिल्या दिवसापासून उडते, पण लवकर तडकते, आणि सलामीवीराच्या बॅटला नवा कोरा चेंडू रोज सोसावा लागतो. फेसवर दिसणाऱ्या लाकडाच्या उभ्या रेषांबद्दल त्याने विचारलं. रेषा जास्त असल्या की बॅट लवकर खुलते आणि सहसा लवकर संपते, यापलीकडे त्यावर वेळ घालवला नाही. जवसाचं तेल, मॅलेटने (लाकडी हातोडीने) कडा आणि टो नीट ठोकणं, मग जुन्या चेंडूने हलका सराव, हे नेहमीचं.

पुल आता स्क्वेअर लेगच्या पुढे जातो. आत येणाऱ्या चेंडूवर बॅट पॅडच्या आधी पोहोचते. पायचीत होणं थांबलेलं नाही, कमी झालं आहे. लाँगऑफवरून उचलून मारलेला फटका मात्र पूर्वीसारखा जात नाही. जुन्या बॅटने सीमारेषेपार गेले असते असे काही चेंडू आता क्षेत्ररक्षकाच्या हातात पडतात. कर्णधाराने तक्रार केली आणि ती खरी होती. त्याला उत्तर म्हणून शेवटच्या षटकांत जुनी बॅट मागवायची का, अशी चर्चा झाली. मी नको म्हटलं. काही मोठे खेळाडू डावात बॅट बदलतात, पण दोन वेगळ्या पिकअपची वेळ सांभाळायला जितका सराव लागतो तितका या मुलाचा अजून नाही. पहिल्या सहा षटकांतल्या धावा त्याने ड्राइव्ह उचलून नव्हे, तर आखूड चेंडूवर आणि थर्डमॅनच्या बाजूने काढाव्यात, असं कर्णधाराशी ठरलं. क्षेत्ररक्षणाची बंधनं असताना तिथे जागा असतेच.

परवा नव्या बॅटचा फेस पुन्हा वाचला. वरचा पुंजका मिडलच्या वरच्या टोकाला येऊन टेकला आहे. टोच्या बाहेरच्या कोपऱ्यात मात्र नवे ठसे दिसू लागलेत, हे कटचे. बॅट आता लवकर पोहोचते, म्हणून तो जागेवर उभा राहून हात लांबवतो आणि बाहेरचा चेंडू ओढून आणतो. हे काही बॅटचं दुखणं नाही. पाय ऑफ स्टंपकडे न्यायचा सराव सुरू केला आहे, आणि तो होईपर्यंत बॅटीला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं आहे.